ताईच्या चाकातली हवा

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे सख्ख्या बहिणीवर भर रस्त्यात ओरडायचं काय कारण होतं, असं पुढे कुणी विचारायला नको. सव्वीस वर्षं सायकलींचं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक दारात उतरायच्या आत चेनच्या आवाजावरून मी सांगतो, की शेवटचं तेल कधी पडलं होतं. अशा माणसाला कुणी सायकलीतलं शिकवायला लागलं की डोकं फिरणारच. आणि शिकवणारी कोण, तर आमची ताई, जिने चाळीस वर्षांत सायकलीला हात लावला नव्हता.

ताई चौपन्न वर्षांची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला पट्टीवाल्या बाई म्हणतात. ज्यांना दवाखान्यात येता येत नाही त्यांच्या घरी ती स्वतः जाते. बोलणं मोजकं. लग्न का केलं नाहीस असं एकदा मावशीने चारचौघांत विचारलं, तर ताई म्हणाली, "वेळ झाला नाही," आणि मावशीच्या हातावरचं भाजलेलं बघायला लागली. पुन्हा कुणी विचारलं नाही. ती एकटी राहते, दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर.

गावाबाहेर कच्चा रस्ता आहे, नऊ किलोमीटरचा. तो संपला की एक आडवा लोखंडी दांडा लागतो, कमरेएवढ्या उंचीचा. गाड्या आत जाऊ नयेत म्हणून लावलाय. दांड्यापलीकडे दीड किलोमीटर नुसती रेती, आणि रेतीच्या शेवटी पाण्याकाठी घरांची एक ओळ. तिथल्या तिसऱ्या घरात होड्या बांधणारे एक म्हातारे सुतार राहतात. सगळे त्यांना सुतारबाबा म्हणतात. त्यांच्या डाव्या पायावर, घोट्याच्या वर, तळहाताएवढी जखम होती. दीड वर्ष झालं तरी भरत नव्हती. ताई दर एक दिवसाआड जाऊन ती धुवायची आणि पायाला बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधायची. त्या बांधण्यातच सगळं आहे, असं ती म्हणते. सैल बांधली तर सूज उतरत नाही, आणि सूज उतरली नाही तर जखम बंद होत नाही.

पूर्वी दवाखान्याची जीप तिला लांबच्या डांबरी रस्त्याने वळसा घालून न्यायची. ती जीप दुसऱ्या केंद्राला गेली. मग दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बोलावलं आणि सांगितलं, की दुपारी बाराला इंजेक्शनांची रांग लागते, तेव्हा तुम्ही इथे हव्यात. चालत जाऊन बाराच्या आत परत येणं जमणार नाही. सुतारबाबांना मोठ्या इस्पितळात पाठवून देऊ.

"तिथे काय करतील त्यांचं?" ताईने विचारलं.

"एवढी जुनी जखम. तिथले लोक पाय शाबूत ठेवतील असं मला वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वाईट नाहीत, स्पष्ट बोलतात एवढंच.

"जखम भरतेय. मी कागदावर काढलीय."

हे कागदाचं प्रकरण सांगायला हवं. ताई दर आठवड्याला जखमेवर एक पारदर्शक कागद धरते आणि पेनाने जखमेची कड गिरवते. खाली तारीख. कागद एकावर एक ठेवले की रेघ आत सरकतेय की बाहेर, ते दिसतं. गेल्या दोन महिन्यांत रेघ बोटाच्या अर्ध्या पेराएवढी आत आली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरून बघितले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. एक महिना. कसंही जा. पण तीनदा बारानंतर आलात तर मी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहीन. आणि महिनाअखेर मला रेघ आत आलेली दिसली पाहिजे."

त्याच संध्याकाळी ताई माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "छोट्या, मला मातीवर आणि रेतीत चालणारी सायकल हवीय. साधी. उगीच भपका नको."

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, दोन मुलींचा बाप आहे, डोक्यावर केस शोधावे लागतात, आणि भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी छोट्या. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. ताई माझ्याकडे काहीतरी मागतेय हेच नवीन होतं. लहानपणी सायकल मला तिने शिकवली. मागचं कॅरिअर धरून ती गल्लीभर धावायची आणि मध्येच न सांगता सोडून द्यायची. तर आता आपली पाळी, असं म्हणत मी माझ्या दुकानातली सगळ्यात झोकदार सायकल पुढे ओढली. लाल रंग, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, दांड्यावर चांदीची अक्षरं. बसलं की माणूस पाळण्यात बसल्यासारखा डुलतो.

ताईने तिच्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि सायकल उचलायला वाकली. वाकली म्हणजे कशी, तर पेशंटला खाटेवरून उचलताना वाकतात तशी, पाठ ताठ आणि गुडघे मोडून. कमरेपर्यंत आणली आणि खाली ठेवली.

"जड आहे."

"अगं, दोन-दोन स्प्रिंगा आहेत. वजन असणारच."

"रेतीआधीचा तो लोखंडी दांडा जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडायचाय. ही नाही जमणार."

"खड्ड्यात धक्का बसणार नाही, ताई. या वयात कंबर सांभाळायला नको?"

"कंबर माझी आहे. दुसरी दाखव."

आमची बायको गल्ल्यावर बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, वन्सं गिऱ्हाईक म्हणून आल्यात. जरा गिऱ्हाइकासारखं वागवा की त्यांना." दोन गिऱ्हाइकं हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण दुसरी सायकल काढली.

दुसरी सायकल हलकी होती. ताईने ती उचलली, मान हलवली, आणि मग पिशवीतून दोन इंची पट्टीचा गुंडाळा काढून टायरवर आडवा धरला. पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

"याहून रुंद टायर हवा," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"सुतारबाबांच्या काठीने. त्यांनी काठीला खाली लाकडाची चकती ठोकलीय, बशीएवढी. नुसती काठी रेतीत जाते, चकती लावली की जात नाही."

 बरोबरच होतं ते. मी सव्वीस वर्षं सायकली विकतोय, आणि ही बाई एका म्हाताऱ्याची काठी बघून आली होती. मी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे दोन वर्षं एक राखाडी सायकल पडून होती. पुढे मागे कुठेच स्प्रिंग नाही, रंग असा की धूळ बसली काय आणि नाही काय. कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. पण टायर होते रुंद, मोठ्या गाठींचे, आणि दुकानात तेवढ्या रुंद टायरची तीच एक होती.

ताईने स्वतः ती ओढून बाहेर काढली. गुंडाळा धरला. टायर पट्टीच्या बाहेर आला. उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग सायकलीच्या मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली आणि टाचा जमिनीला लागतात का ते बघितलं. ब्रेक दोन बोटांनी दाबून बघितले. मग म्हणाली, "सगळ्यात हलका गिअर कुठला?"

मी म्हटलं, "पुढे सगळ्यात लहान चक्र, मागे सगळ्यात मोठं. पण एकूण अठरा गिअर आहेत, तुला नीट समजावून..."

"मला तो एकच दाखव. बाकीचे सतरा नंतर."

दाखवला. तिने मागचं चाक अधांतरी धरून पेडल हाताने फिरवलं. मग म्हणाली, "आता चेन काढ." काढली. "मी बसवते." पहिल्या वेळेला तिला बराच वेळ लागला, हात काळे झाले. पुन्हा काढायला लावली. असं पाच वेळा. पाचव्या वेळेला मी घड्याळ बघत होतो. अर्ध्या मिनिटात बसली.

"हीच," ती म्हणाली.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. आयुष्यात एकदाच बहिणीने सायकल मागितली आणि मी तिला दुकानातला सगळ्यात रडका माल देतोय, असं झालं. म्हणून मी ठरवलं की सायकल तर तिने निवडली, आता ती ठेवायची कशी ते मी बघणार. तिच्या जिन्यातून सायकल वर जात नव्हती, त्यामुळे ती दुकानातच राहणार होती. मी चेन धुतली, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, स्पोक एकेक करून ताणले. आणि हवा. माझ्या दुकानाची हवा प्रसिद्ध आहे. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते म्हणायचे की मऊ चाक म्हणजे मेकॅनिकची लाज. हवा कमी असली की खड्ड्यात रिम आपटते आणि वाकते. मी अंगठा दाबून बघतो. अंगठा आत गेला तर आणखी हवा. माझ्या दुकानातून मऊ चाक बाहेर पडत नाही. ताईच्या चाकात तर मी अशी हवा भरली, की बोटाच्या पेराने टकटक केलं तर लाकडासारखा आवाज येईल.

पहिल्या दिवशी ताई सातला निघाली आणि बारा वीसला परत आली. सलवारच्या कडेपासून गुडघ्यापर्यंत रेती.

"काय झालं?"

"रेतीत चालत नाही. चाक खाली जातं. ढकलत नेली."

मी काय बोललो असेन? जे कुठलाही शहाणा भाऊ बोलला असता तेच. "मी सांगत होतो. स्प्रिंगवाली घेतली असतीस तर ही वेळ आली नसती." ताईने नळाखाली पाय धुतले आणि दवाखान्यात गेली. दुसऱ्या खेपेला मी आणखी दोन पंप जास्त मारले, म्हणजे चाक तरी हलकं फिरेल. ताई बारा पस्तीसला आली. तीनांतल्या दोन संधी पहिल्याच आठवड्यात गेल्या.

मी म्हटलं, "ताई, सोड हा नाद. मी डॉक्टरीणबाईंशी बोलतो."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाना उचलून दुसऱ्या सायकलीकडे वळलो. "तू हवा भर," ती म्हणाली. "बाकी मी बघते."

तिसऱ्या खेपेला ती बाराला पाच मिनिटं कमी असताना आली. चौथ्या खेपेला पावणेबाराला. पाचव्याला साडेअकराच्या आसपास. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? हवेचा प्रताप." बायको गल्ला मोजत राहिली. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. सायकल परत यायची तेव्हा चाकं मऊ असायची. अगदी चेपलेली. मी ट्यूब काढून पाण्यात बुडवून बघितली. एकदा पुढच्या ट्यूबला काट्याचं बारीक भोक सापडलं, ते बुजवलं. तरी पुढच्या वेळी चाकं पुन्हा मऊ, तीही दोन्ही. व्हॉल्व्ह बदलले. पुन्हा तेच. मी ताईला म्हणायचो, "काट्यांतून नेतेस का?" ती म्हणायची, "असेल." आणि मी दर खेपेला सकाळी घाम गाळून हवा भरायचो.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी ताई निघून गेल्यावर बायको म्हणाली, "एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"मी कधी रागावतो?"

तिने त्याकडे दुर्लक्ष केलं. "वन्सं जाताना शाळेच्या भिंतीआड थांबतात. मी भाजी आणायला जाते तेव्हा दोनदा बघितलं. खाली बसून केसांतली पिन काढतात आणि चाकातली हवा सोडतात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि असं वाटलं की कुणीतरी भर बाजारात तोंडात मारली. माझी हवा. सव्वीस वर्षांची माझी हवा, आणि माझी सख्खी बहीण ती भिंतीआड जाऊन गटारावर सोडून देते. मी दुकानातली माझी स्वतःची सायकल काढली. ती रस्त्यावरची, अरुंद टायरांची, तिच्यात हवा दगडासारखी. बायको मागून म्हणाली, "अहो, आज कशाला? आज तर..." पुढचं मी ऐकलं नाही.

कच्च्या रस्त्यावर मी तिला गाठलं नाही. चौपन्न वर्षांची बाई मऊ चाकांवर किती जोरात जाते हे मला त्या दिवशी कळलं. दांड्यापाशी पोचलो तेव्हा ती सायकल पलीकडे ठेवून बसत होती. मी ओरडलो, "ताई, थांब. हवा का सोडतेस?" तिने वळून बघितलं आणि पेडल मारलं.

मी सायकल दांड्यावरून ओढली, बसलो आणि जोर लावला. चार पेडल गेली असतील. पुढचं चाक रेतीत शिरलं, हँडल आपोआप वळलं, आणि मी तोंडावर पडलो. तोंडात रेती, चष्मा कुठे गेला पत्ता नाही. मान वर केली तर ताई पन्नास पावलांवर थांबून बघत होती. मला वाटलं, आता धावत येईल. शेवटी बहीण आहे, त्यात नर्स.

"हातपाय हलतायत का?" तिने विचारलं.

"हलतायत, पण..."

"मग ये चालत," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी रेतीत बसून तिच्याकडे बघत राहिलो. ती सीटवर मागे सरकून बसली होती, हँडल नुसतं धरलं होतं, दाबलं नव्हतं, आणि पाय एका लयीत फिरत होते, घाई नाही की थांबणं नाही. तोच एक हलका गिअर. चेपलेलं चाक रेतीवर पसरत होतं आणि मागे रुंद पट्टा उठत होता. ती बुडत नव्हती. मी वळून माझ्या चाकाची खूण बघितली. चर पडला होता, चार बोटं खोल.

दीड किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चालणं काय असतं ते सांगत नाही. पोचलो तेव्हा सुतारबाबांच्या खोलीत ताईचं काम निम्मं झालं होतं. एक खिडकी, खिडकीखाली लांब बाक, बाकावर पाय. खाली लाकडाचा भुसा झाडून बाजूला केलेला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. जखम धुतली, पारदर्शक कागद धरला, कड गिरवली. मग पट्टी. बोटांपासून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. हात इतके स्थिर, की मी बघतच राहिलो.

सुतारबाबांनी मला बसायला ओंडका सरकवला. "तुम्हीच का ते सायकलवाले भाऊ?" ते म्हणाले. "बरं झालं आलात. सुरुवातीला बाईंचे फार हाल झाले हो."

"बाबा, पाय हलवू नका," ताई म्हणाली.

"पाय नाही, तोंड हलवतोय. पहिल्या दोन वेळेला या सायकल ढकलत आल्या. आल्या आणि त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या. मी म्हटलं, करा की सुरुवात, तुम्हाला उशीर होतोय. तर हात पुढे करून दाखवले मला. दोन्ही हात थरथर कापत होते, ढकलून ढकलून. म्हणाल्या, असल्या हातांनी मी जखमेला हात लावणार नाही. हात थांबेपर्यंत अर्धा तास बसून राहिल्या. उशीर व्हायचा तो तिथे."

 मला ते दोन जास्तीचे पंप आठवले. पहिल्या खेपेला वीस मिनिटं उशीर झाला म्हणून दुसऱ्या खेपेला मी आणखी हवा भरली होती, आणि ती पस्तीस मिनिटं उशिरा आली होती. या म्हाताऱ्याचा पाय मी माझ्या पंपाने जवळजवळ घालवला होता. वर तिलाच म्हणालो होतो, मी सांगत होतो. मला लाज वाटली. सरळ सांगतो, इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

ताईने पट्टीचं टोक चिकटवलं, हात धुतले आणि बाहेर आली. मी तिच्या मागे.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"काय सांगायचं?"

"हेच, की हवा जास्त होतेय."

"तिसऱ्या खेपेला काटा लागून पुढचं चाक मऊ झालं आणि रेतीवर चालायला लागलं. मागचं रुतत होतं. मग मागच्याचीही सोडली." तिने पिशवी कॅरिअरला बांधली. "तू सकाळी सहाला उठून दुकान उघडतोस, माझ्यासाठी. एवढ्या प्रेमाने भरतोस. तुला काय सांगायचं होतं? पिन होती माझ्याकडे."

तापट माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. मी ओरडलो, "मग दांड्यापाशी येऊन सोडायची ना. रस्त्यावर मऊ चाकाने रिम जाते."

"तिथे वारा असतो. व्हॉल्व्हमध्ये रेती जाते." मग तिने माझा हात धरला, अंगठा पुढच्या टायरवर ठेवला आणि वरून दाबला. "एवढी. मी दररोज सुजलेले पाय दाबून बघते. बाबांच्या पायावर अंगठा दाबला की पूर्वी खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आता पडतो आणि लगेच भरून येतो. चाक तसं पाहिजे. दाबलं की आत जावं, सोडलं की वर यावं. त्याहून मऊ केलं तर रिम जाईल, ते मलाही कळतं."

सव्वीस वर्षं मी अंगठा दाबतोय तो आत जाऊ नये म्हणून.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"दहा."

"आज महिना संपतो. डॉक्टरीणबाईंना कागद दाखवायचेत." बायको मागून काय म्हणत होती ते मला तेव्हा कळलं. ताई सायकलवर बसली. "तू ये सावकाश. चष्मा दांड्यापाशी डाव्या हाताला पडलाय, तू पडलास तेव्हा मी उडताना बघितला."

ती गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्या शेजारी सुतारबाबा येऊन उभे राहिले. काठी त्यांनी आतच ठेवली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पडल्यावर माझं हँडल वाकलं होतं, त्यामुळे सगळी वाट चालत मी गावात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. दुकानाऐवजी आधी दवाखान्यात गेलो. इंजेक्शनांची रांग संपत आली होती आणि ताई शेवटच्या बाईच्या दंडाला कापूस चोळत होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पाच पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेले होते. सगळ्यात बाहेरची रेघ तळहाताएवढी होती, आणि सगळ्यात आतली माझ्या तीन बोटांएवढी. डॉक्टरीणबाईंनी मला आपादमस्तक बघितलं. केसांत रेती, चष्म्याची एक काच तडकलेली.

"तुम्हाला काय झालं?"

"सायकलवरून पडलो."

"सायकलवाले ना तुम्ही?"

"हो."

त्यांनी ओठ दाबले, पण हसल्या नाहीत, एवढे उपकार केले. मग कागदांवर बोट ठेवून म्हणाल्या, "चिठ्ठी आता लिहीत नाही. जखम पूर्ण बंद होईपर्यंत बाईच जातील. आणि पाण्याकाठची बाकीची घरंही त्यांच्याकडेच देतेय. सायकल नीट ठेवा त्यांची."

ताईने कापूस टाकला, टोपलीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "परवा सातला."

दोन दिवसांनी मी सहालाच दुकान उघडलं. राखाडी सायकल बाहेर काढली, पुसली, चेनला तेल दिलं. सवयीने पंप मारून चाकं दगडासारखी केली, मग आठवलं आणि पंप परत खिळ्याला टांगला. मग खाली बसलो, बायकोकडून पिन मागून घेतली, व्हॉल्व्हमध्ये घातली आणि हवा सोडली. ती सोडताना जो आवाज येतो तो ऐकणं मला जड गेलं, खोटं कशाला बोलू? समोरचा पेपरवाला बघत होता. बघू दे.

ताई आली. सायकल धरायच्या आधी तिने वाकून पुढच्या टायरवर अंगठा दाबला, मग मागच्या. मी परीक्षेला बसल्यासारखा उभा.

"अजून थोडी सोड," ती म्हणाली.

मी पुन्हा खाली बसलो.